गोळी कोणासाठी, हे विचारा

गरोदरपणातील औषधांवरचा आपला लेख वाचला. 'स्वतःच्या मनाने गोळी घेऊ नका' हे पटले, पण सगळा भार बाईवरच का? सातव्या महिन्यात सुनेची कंबर धरली, म्हणून मुलाने इतवारीतल्या एका दुकानातून चार गोळ्या आणल्या. चिठ्ठी मागितली नाही, पाकीट कापताना नावाचा भाग दुकानातच राहिला. परत जाऊन विचारले तेव्हा कळले, डायक्लोफेनॅक! 20 आठवड्यांनंतर अशा वेदनाशामकांमुळे बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकते. ही गोळी चिठ्ठीशिवाय विकताच येत नाही. औषध दुकानदारांनी चिठ्ठी मागावी, गोळी कोणासाठी हे विचारावे आणि डॉक्टरांनी चिठ्ठीवर गर्भाचे आठवडे ठळक लिहावेत.

– एक सासू, महाल, नागपूर