फायनलला सहा जण कशाला?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रिॲलिटी शोबद्दल पेपरात येतं ते कोण जिंकलं, कोण रडलं, कोणाचं कोणाशी वाजलं एवढंच. पण फायनलला किती जण न्यायचे हे चॅनलने ठरवलं की तिथेच अर्धा निकाल लागलेला असतो, त्यावर कोणी बोलतच नाही म्हणून हे पत्र.

साधा हिशोब आहे. फायनलला दोघंच असतील तर जिंकणाऱ्याला निम्म्याहून जास्त मतं मिळवावीच लागतात. सहा असतील तर मतं सहा ठिकाणी फुटतात आणि १७-१८ टक्केवाला पण ट्रॉफी घेऊन जाऊ शकतो, म्हणजे ८० टक्क्यांहून जास्त लोकांना दुसराच कोणीतरी हवा असला तरी. महापालिकेच्या निवडणुकीत अमक्याने तमक्याची मतं खाल्ली हे मुंबईत चहाच्या टपरीवर पण कळतं, मग टीव्हीसमोर बसल्यावर तेच आपण का विसरतो?

अभिजीत सावंतचंच बघा. मार्च २००५ मध्ये इंडियन आयडॉलच्या पहिल्या सीझनला शेवटी तो आणि अमित साना असे दोघंच होते, सरळ सामना, आपला मुंबईचा पोरगा जिंकला. तोच अभिजीत ऑक्टोबर २०२४ ला बिग बॉस मराठीच्या पाचव्या सीझनच्या फायनलला होता, पण आता सोबत सूरज, निक्की, अंकिता, धनंजय आणि जान्हवी, एकूण सहा! सूरज चव्हाण जिंकला, अभिजीत दुसरा. सूरजच्या जिंकण्यावर माझा काहीच आक्षेप नाही, उलट मला वाटतं दोघांतच मतदान झालं असतं तरी तोच जिंकला असता, आणि तेव्हा त्याच्याकडे बोट दाखवायला कोणालाच जागा राहिली नसती. त्या पोराला तेवढं तरी मिळायला हवं होतं. त्यात पैसे घ्या आणि ट्रॉफी सोडा या ऑफरवर जान्हवी ९ लाखांची बॅग घेऊन बाहेर पडली आणि विजेत्याला १४.६ लाख. बॅग घेतली ते तिचं शहाणपणच, पण अशी बॅग उचलून कोणी गेलं की त्याला आधी पडलेल्या मतांचं काय? ती मतं देणाऱ्यांना परत मत द्यायला मिळालं पाहिजे की नको?

आणि हे फक्त शेवटच्या रात्रीपुरतं नसतं, आधीचे तीन-चार आठवडे पण त्यामुळेच बदलतात. सहा जागा आहेत म्हटल्यावर जो तो आपापले फॅन सांभाळत बसतो, दुसऱ्याच्या फॅन्सना जिंकून घ्यायची गरजच उरत नाही, म्हणून शेवटचे एपिसोड एवढे पांचट होतात.

अमेरिकेतला सर्व्हायव्हर हा रिॲलिटी शो बघणाऱ्यांना हे लगेच पटेल. तिथे प्रेक्षक नाही, बाहेर काढलेले खेळाडूच ज्युरी म्हणून मत देतात. २००० साली पहिल्या सीझनला शेवटी रिचर्ड हॅच, केली आणि रूडी असे तिघं उरले होते, तेव्हा हॅचने शेवटच्या टास्कमध्ये मुद्दाम खांबावरचा हात काढला, कारण जिंकणाऱ्याने एकाला काढायचं आणि एकाला सोबत फायनलला न्यायचं होतं, आणि रूडीला काढायचं पाप त्याला स्वतःच्या हाताने नको होतं. टास्क जिंकून केलीने ते केलं आणि हॅच ४-३ ने जिंकला. २०१४ ला शेवटचा टास्क जिंकलेल्या वू ने टोनीला सोबत नेलं आणि ८-१ ने हरला. एका निर्णयात अख्खा गेम, काय जबरदस्त गोष्ट आहे ही! २००६ पासून त्यांनी फायनलला बहुतेक वेळा तिघं न्यायला सुरुवात केली, मग कित्येकदा तिसऱ्याला शून्य मतं, नुसताच बसलेला. आणि २०१७ पासून शेवटच्या चारातल्या दोघांना आग पेटवायला लावतात, आधी पेटवेल तो फायनलला. महिनाभर डोकं चालवून माणसं जोडायची आणि निकाल गारगोटीवर, हे मला अजिबात पटलेलं नाही.

२००९ च्या मराठी लिटिल चॅम्प्सला फायनलला पाचही पोरं होती, कार्तिकी जिंकली. तिथे पाच बरोबरच होते, एवढ्याशा मुलांना दारात येऊन घरी पाठवणं वाईट झालं असतं. मोठ्यांच्या शोला ते कारण लागू नाही.

माझी मागणी एवढीच आहे, फिनालेला पाच-सहा जण नाचायला गायला खुशाल आणा, पण शेवटी दोघं उरले की जुनी मतं बाजूला ठेवून नव्याने मतदान घ्या. हिंदी बिग बॉसच्या तेराव्या सीझनला, फेब्रुवारी २०२० मध्ये, सिद्धार्थ शुक्ला आणि आसिम रियाझसाठी थोडी मिनिटं लाइव्ह वोटिंग उघडलं होतं, म्हणजे जमतं. फक्त थोड्या मिनिटांत लोकलमध्ये लटकलेल्या माणसाने कधी मत द्यायचं, निदान एक अख्खा दिवस तरी द्या. आणि दोघांना किती मतं पडली तो आकडा स्क्रीनवर दाखवा. मतं आमची आहेत.

आपला,
एक वाचक, परळ, मुंबई