तळपाय कोणत्या खात्यात येतो?

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी पुण्यात त्वचेच्या कर्करोगाचे तपासणी शिबिर झाले. आडोशाची खोली, डर्मोस्कोप (त्वचा मोठी करून दाखवणारे हातातले भिंग) आणि बायोप्सीची, म्हणजे तुकडा काढून तपासण्याची, सोय असेल, असा शब्द आम्हाला महिनाभर आधी मिळाला होता. मिळाला मंडप. तीन तास, २४० टोकन, डॉक्टर दोघे. म्हणजे माणशी दीड मिनिट, त्यातले निम्मे नाव-पत्ता लिहिण्यात. बायकांनी पदर सावरत हात पुढे केले, पुरुषांनी बाह्या सरकवल्या. चप्पल काढा, असे कुणीही कुणाला म्हटले नाही.

साहेब, आपल्याकडे मेलानोमा, म्हणजे काळ्या डागासारखा दिसणारा त्वचेचा घातक कर्करोग, बऱ्याचदा तळपायावर, तळहातावर नाहीतर नखाखाली होतो. वारीत वारकऱ्यांचे पाय चेपतानाचे फोटो नेतेमंडळी दरवर्षी टाकतात. चेपता चेपता जरा तळवाही पाहिला असता!

पूर्ण त्वचा तपासणीला दहा-पंधरा मिनिटे लागतात. पडदा हवा, सोबत परिचारिका हवी. केसांत भांग पाडत पाडत टाळू पाहायची, मग कानामागे, तोंडात, काखेत, स्तनांखाली, कंबरेवर, जांघेत, बोटांच्या बेचक्यांत. नेलपॉलिश ॲसिटोनने पुसायचे. तळव्यांवर मेंदी असेल तर ती उतरल्यावर पुन्हा बोलवायचे. शंकास्पद डागावर डर्मोस्कोप धरला की दहापट मोठे दिसते आणि तळव्याच्या रेषा शेतातल्या सरी-वरंब्यासारख्या उलगडतात. काळा रंग सरीत असेल तर बहुधा साधा तीळ. वरंब्यावर असेल तर बायोप्सी. असा डर्मोस्कोप काही हजारांपासून मिळतो. मंडप आणि बॅनरचा खर्च आम्ही विचारला नाही, पण आमच्या अंदाजाने त्यात दोन तरी आले असते.

नखाचेही तसेच. सावळ्या माणसाच्या नखांवर तपकिरी रेघा पुष्कळदा निरुपद्रवी असतात. पण एकाच नखावरची रेघ रुंद होत चालली, किंवा काळेपणा नखाच्या मुळाशी कातडीवर उतरला, तर ‘मार लागला असेल’ म्हणून सोडायचे नाही. साकळलेले रक्त नखाबरोबर हळूहळू पुढे सरकते. डागाच्या मागच्या कडेला नखावर बारीक खूण करून महिन्याने पाहिले तर फरक कळतो, त्याला यंत्र लागत नाही.

होते काय? तळव्यावरचा काळा डाग कुरूप, म्हणजे घट्टा, समजून कॉर्न कॅपची पट्टी लावतात, किंवा चामखीळ म्हणून जाळतात. जाळले की प्रयोगशाळेत पाठवायला काही उरतच नाही. कुणी वरवर खरवडून तुकडा पाठवतो. मेलानोमाची जाडी मिलिमीटरमध्ये मोजून पुढचे उपचार ठरतात, ती मग मोजायची कशी? डाग लहान असेल तर कडेची एक ते तीन मिलिमीटर चांगली कातडी धरून, खाली चरबीपर्यंत अख्खा काढावा आणि तुकड्याच्या दहापट फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे तुकडा टिकवणाऱ्या द्रावणात, ठेवावा. काही बाटल्यांत सलाइन भरलेले असते. तुकडा पोचेपर्यंत कुजू लागतो, आणि रुग्णाला पुन्हा टेबलावर घ्यावे लागते.

मेलानोमा तसा विरळ, हे आम्हीही जाणतो. पण परकराच्या नाडीच्या काचाने कंबरेवर वर्षानुवर्षे चिघळणारी जखम, भाजल्याचा जुना व्रण, कुष्ठरुग्णाच्या पायावरची न भरणारी जखम, यांतूनही कर्करोग होतो. कडा उचलली, वास येऊ लागला, रक्त येऊ लागले, तर मलमपट्टी थांबवा आणि कडेचा तुकडा तपासा. मधला सडका भाग घेतला तर अहवालात ‘निदान नाही’ एवढेच येते.

तिशीनंतरच्या सरकारी तपासणीत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख आहे. ठीक. कातडी कुठे? प्राथमिक आरोग्य केंद्र आपल्या खात्याकडे, ससून वैद्यकीय शिक्षणाकडे, गल्लीतला दवाखाना महापालिकेकडे. चिठ्ठी घेऊन माणूस या तिघांत फिरतो, आणि प्रत्येक खिडकीवर नवा केसपेपर. तळपाय नक्की कोणत्या खात्यात येतो, याचा एक शासन निर्णय काढाल का?

तोवर पुढच्या शिबिराला बॅनर नसला तरी चालेल. दोन पडदे, ॲसिटोनची बाटली, फॉर्मॅलिन आणि चपला काढून बसायला एक बाकडे पाठवा. टोकन तीसच द्या.

आपले,
पुण्यातील काही त्वचारोगतज्ज्ञ व परिचारिका