लघुव्यवसाय सवलत योजनेतून चुकीच्या मोजणीने बाहेर काढल्याबद्दल तक्रार

प्रति,
प्रमुख, लायसन्सिंग आणि ग्राहक सेवा विभाग

विषय: रिन्यूअलच्या वेळी युजर मोजण्याची पद्धत बदलून पूर्ण दराने वसूल केलेली रक्कम परत मिळण्याबाबत

महोदय / महोदया,

आमची पॅकेजिंग डिझाइन करणारी छोटी फर्म आहे. आपले सॉफ्टवेअर आम्ही आपल्या लघुव्यवसाय सवलत योजनेत घेतले. तेव्हा आपल्या विक्री प्रतिनिधीने सांगितले होते, आणि कोटेशनवरही तसेच छापले आहे, की १० माणसांपर्यंतच्या व्यवसायाला ही सवलत मिळते. आमच्याकडे ९ जण काम करतात. ५ सकाळच्या पाळीत, ४ दुपारच्या. एका वेळी ५ पेक्षा जास्त जण सॉफ्टवेअर उघडत नाहीत, म्हणून प्रतिनिधीने स्वतःच ५ फ्लोटिंग लायसन्स सुचवली: जो बसेल त्याला लायसन्स, तो उठला की दुसऱ्याला. व्यवहार सरळ होता आणि आम्ही समाधानी होतो.

या वर्षी सबस्क्रिप्शन आपोआप रिन्यू झाले आणि बिल गेल्या वर्षीच्या दुपटीहून जास्त आले. अ‍ॅडमिन डॅशबोर्डवर वरच्या कोपऱ्यात एक पट्टी होती: ‘आपला प्लॅन अपग्रेड झाला आहे.’ आम्ही अपग्रेड मागितला नव्हता. पट्टीवर क्लिक केल्यावर कळले की फ्लोटिंग लायसन्स बंद करून आपण प्रत्येक नावाला वेगळे लायसन्स लावले आहे, आमच्या खात्यात ११ ‘सक्रिय युजर’ आहेत आणि १० ची मर्यादा ओलांडल्यामुळे आम्ही आता लघुव्यवसाय राहिलेलो नाही.

हे ११ कोण, ते आम्ही यादी उघडून एकेक ओळ पाहिली. ९ ओळी आमच्या माणसांच्या. दहावी ओळ ‘ऑर्डर्स’ या सामाईक ईमेल खात्याची. ग्राहकांच्या फाइल्स त्यावर येतात, त्या खात्यातून कोणीही डिझाइन करत नाही. अकरावी ओळ नोकरी सोडून गेलेल्या एका सहकाऱ्याची. त्याचा पासवर्ड आम्ही तो गेला त्याच दिवशी बंद केला होता. खाते डिलीट का केले नाही, याचे कारण आपल्याच सॉफ्टवेअरमध्ये आहे: त्याने तयार केलेल्या सगळ्या फाइल्सची मालकी त्याच्या नावावर आहे, खाते डिलीट केले की फाइल्सही जातात, आणि मालकी दुसऱ्याच्या नावावर करण्याची सोय फक्त मोठ्या कंपन्यांच्या प्लॅनमध्ये आहे. म्हणजे फाइल्स वाचवायच्या तर गेलेला माणूस ठेवायचा, आणि तो ठेवला म्हणून सवलत गमवायची. छोट्या व्यवसायासाठी बनवलेल्या प्लॅनमध्ये अशी कोंडी असावी, हे आम्हाला मान्य नाही. माणसे सर्वात जास्त ये-जा करतात ती छोट्या ठिकाणीच.

मोजणी बरोबर आहे असे क्षणभर धरले, तरी त्यापुढचे कसे समजून घ्यायचे? अकरावा युजर मर्यादेबाहेरचा असेल, तर त्या एकाला पूर्ण दर लावा. आपण सगळ्या अकरांना पूर्ण दर लावला. या धंद्यात दुसरी पद्धत रूढ आहे हे आपल्याला माहीत असणारच. मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या बिझनेस प्लॅनला ३०० युजरची मर्यादा आहे. त्यापुढच्या युजरसाठी मोठा प्लॅन घ्यावा लागतो, पण आधीचे ३०० त्याच बिझनेस प्लॅनवर राहू शकतात. तिथे ५० जीबीपर्यंतच्या सामाईक मेलबॉक्सला वेगळे लायसन्सही लागत नाही, आणि नोकरी सोडून गेलेल्या माणसाचा मेलबॉक्स सामाईक करून ठेवता येतो. डिझाइन सॉफ्टवेअर बनवणाऱ्या ऑटोडेस्क कंपनीने २०२० मध्ये नेटवर्कवरची सामाईक लायसन्स बंद करून नावानिशी लायसन्स आणली, त्यावर ग्राहक नाराजच होते; तरी त्यांनी एका जुन्या लायसन्सच्या बदल्यात साधारण त्याच किमतीत दोन नावे देऊ केली. त्या हिशेबाने आमच्या ५ लायसन्सची १० नावे झाली असती आणि आमची सगळी माणसे त्यात बसली असती. आपण बदल्यात काहीही दिले नाही.

या बदलाची सूचना दिली होती, असे आपल्या सपोर्टचे म्हणणे आहे. ती सूचना म्हणजे डॅशबोर्डवरची तीच पट्टी. ईमेल नाही, नवे कोटेशन नाही, संमती विचारणे तर दूरच. दर वाढवायचा अधिकार आपल्याला आहे, त्याबद्दल आमचे भांडण नाही. पण मोजण्याचे मापच बदलायचे असेल, तर तो नवा करार झाला, आणि नवा करार जुन्या ऑटो-रिन्यूअलच्या संमतीवर चालवता येत नाही.

त्यानंतर जे झाले त्याचा आम्हाला सर्वात जास्त त्रास झाला. एवढी मोठी रक्कम कार्डाच्या मर्यादेत बसली नाही, पेमेंट अडकले, आणि कोणतीही मुदत न देता आमची सगळी खाती ‘फक्त वाचण्यासाठी’ झाली. त्या दुपारी एका ग्राहकाचे खोके छपाईला जायचे होते आणि त्यावरचा निव्वळ वजनाचा आकडा चुकीचा होता, तो दुरुस्त करायचा होता. फाइल उघडी, आकडा समोर, पण कर्सर त्यावर जाईना. पीडीएफ काढून त्यात दुरुस्ती करावी, तर एक्स्पोर्टही बंद. छापखाना थांबला होता, ग्राहक फोनवर होता. शेवटी आम्ही दुसऱ्या कार्डावरून पूर्ण रक्कम भरली. भरताना त्याच दिवशी ईमेलने लेखी कळवले की ही रक्कम आम्ही नाइलाजाने आणि आक्षेप नोंदवून भरत आहोत. आपण ती ‘ग्राहकाने नवीन प्लॅन स्वीकारला’ अशी नोंदवली आहे. ही नोंद खोटी आहे, ती दुरुस्त करावी.

मग आम्ही प्लॅन रद्द करायला गेलो. तेव्हा कळले की महिन्याला पैसे द्यायचे असले तरी बांधिलकी वर्षाची आहे, आणि मध्येच सोडल्यास उरलेल्या रकमेचा मोठा हिस्सा दंड म्हणून द्यावा लागेल. रिन्यूअलच्या पानावर हा दंड कुठेही दिसत नाही; रद्द करण्याचे बटण दाबल्यावरच दिसतो. मासिक हप्त्याच्या वार्षिक प्लॅनमधला असाच दंड ग्राहकांपासून लपवल्याच्या आरोपावरून ग्राहकहित पाहणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशनच्या शिफारशीवरून अमेरिकेच्या न्याय विभागाने जून २०२४ मध्ये अडोबी या सॉफ्टवेअर कंपनीवर खटला भरला होता. त्यामुळे ही पद्धत वादाची आहे हे आपल्याला ठाऊक नसेल, असे आम्हाला वाटत नाही.

आपल्या सपोर्टच्या मुलांबद्दल आमची तक्रार नाही. ते नम्रपणे बोलले, एकाने तर मोजणी चुकल्याचे मान्यही केले, पण ‘सिस्टिम बदलू देत नाही’ यापुढे त्यांच्या हातात काही नव्हते. म्हणूनच हे पत्र आपल्याला लिहिले आहे.

आमची मागणी अशी आहे. सामाईक ईमेल खाते आणि बंद खाते मोजणीतून काढून आम्हाला रिन्यूअलच्या तारखेपासून सवलत योजनेत परत घ्यावे आणि जास्त घेतलेली रक्कम ज्या कार्डावरून गेली त्यावरच परत करावी; पुढच्या बिलात वळती केलेली आम्हाला चालणार नाही, कारण पुढचे बिल आम्ही आपल्याकडेच भरू हे अजून ठरलेले नाही. फाइलची मालकी बदलण्याची सोय छोट्या प्लॅनमध्येही द्यावी. ही मागणी फक्त आमच्यासाठी नाही. आपल्या या योजनेतल्या प्रत्येक ग्राहकाला ती आज ना उद्या लागणार आहे. तसेच बिलाचा वाद चालू असताना निदान एक्स्पोर्ट तरी बंद करू नये. सॉफ्टवेअर आपले आहे, पण त्यात केलेले काम आमचे आणि आमच्या ग्राहकांचे आहे.

मूळ कोटेशन, दोन्ही वर्षांची बिले, युजर यादीचा स्क्रीनशॉट आणि आक्षेपाच्या ईमेलची प्रत सोबत जोडली आहे. पंधरा दिवसांत लेखी उत्तर द्यावे. तोपर्यंत हे प्रकरण आम्ही बँकेकडे कार्डावरील वादग्रस्त व्यवहार म्हणून नोंदवणार नाही; उत्तर आले नाही तर तेही करू आणि ग्राहक म्हणून उपलब्ध असलेला कायदेशीर मार्गही घेऊ.

आपली,
व्यवस्थापकीय भागीदार
(सवलत योजनेतील ग्राहक, खाते क्रमांक सोबतच्या बिलांवर आहे)