सुहास, तू सभासद हो

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

रूपविकारी ताऱ्यांची, म्हणजे तेज कमीजास्त होणाऱ्या ताऱ्यांची, सगळी माहिती नेटवर मिळते, मग ‘अमेरिकन असोसिएशन ऑफ व्हेरिएबल स्टार ऑब्झर्व्हर्स’ची वर्गणी कशाला भरायची, असं तू विचारलंस. खरं तर नुसती निरीक्षणं पाठवायला तिथे सभासद असावं लागत नाही. तरीही तू व्हावंस असं मला मनापासून वाटतं.

तू एवढी वर्षं मीरा तारा बघतोस. त्याचं एक आवर्तन साधारण 332 दिवसांचं. त्यात कितीतरी रात्री ढगांत जातात, काही आजारपणात. एकट्याच्या नोंदींत खिंडारं पडायचीच. ती दुसऱ्या खंडातला कुणीतरी भरून काढतो, तेव्हा कुठे ताऱ्याचा प्रकाशवक्र, म्हणजे तेजाच्या चढउताराचा आलेख, सलग उमटतो. 1911 पासून ही संस्था हेच काम करते आहे. लेस्ली पेल्टियर हा शेतकऱ्याचा मुलगा 1918 मध्ये नोंदी पाठवू लागला आणि 1980 मध्ये जाईपर्यंत त्याने एक लाख बत्तीस हजारांवर निरीक्षणं दिली! पुढे हबल दुर्बिणीने अचानक भडकणारे तारे बघायचं ठरवलं, तेव्हा भडक्याने उपकरणाला इजा होऊ नये म्हणून आधी पहारा दिला तो अशाच हौशी निरीक्षकांनी. हे वाचलं की मला आजही भरून येतं.

नियतकालिक, संमेलनं वगैरे आहेतच, पण मला सर्वांत मोलाची वाटते ती जाणत्यांची सोबत. नकाशावर तुलनेसाठी दिलेल्या ताऱ्याशेजारी 84 लिहिलेलं असतं, ते 8.4 प्रत (ताऱ्याच्या तेजाचं माप) असं वाचायचं. दशांशचिन्ह मुद्दाम गाळतात, नाहीतर ते टिंब तारा वाटेल. हे पुस्तकात सापडेलही. पण लाल ताऱ्याकडे टक लावून पाहिलं की तो उगाच उजळ भासतो, म्हणून झटकन नजर टाकून तुलना करायची, हे मला एका ज्येष्ठ सभासदाने पत्रातून समजावलं, माझ्या नोंदी एकेक करून वाचून. मीरा लालच आहे. तुला असा माणूस मिळायला हवा.

तुझ्या जुन्या वहीत तुलनेचे तारे आणि वेळ लिहिलेली असेल, तर त्या नोंदीही पाठवता येतील. वेळा युनिव्हर्सल टाइममध्ये, म्हणजे जगभर एकच धरल्या जाणाऱ्या वेळेत, बदलाव्या लागतील. ते किचकट काम आपण मिळून करू. वही तेवढी शोधून ठेव.

तुझा,
अविनाश