ढोलकी माझी, पडद्यावर हात दुसऱ्याचे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत सध्या गाजणाऱ्या मराठी व्हिडिओ-गाण्यांवर पानभर मजकूर होता. गायिका, गीतकार, संगीतकार, नृत्यदिग्दर्शक, कॅमेरामन, इतकंच काय, नऊवारी कुणी नेसवली तिचंही नाव होतं. तिचं नाव आलं याचा मला मनापासून आनंद झाला, तेही कसबाचंच काम आहे. पण वाजवणाऱ्यांपैकी एकाचंही नाव त्या पानात नव्हतं. त्यातल्या एका गाण्यात ढोलकी मी वाजवली आहे, म्हणून हे पत्र.

पस्तीस वर्षं मी ढोलकी वाजवतो. फडात शिकलो, पुढे लावणीचे कार्यक्रम केले, आता बरंचसं काम स्टुडिओतलं. त्या गाण्याच्या रेकॉर्डिंगला मी तीन ढोलक्या घेऊन गेलो होतो. पट्टी काळी चार. स्टुडिओतल्या एसीत पुडीचा, म्हणजे ढोलकीच्या तोंडावरच्या चामड्याचा, सूर हलतो, त्यामुळे दर दोन टेकनंतर कड्या सारून तो परत जागेवर आणावा लागत होता. गाणं सुरू होण्याआधी एक छोटा तोडा, म्हणजे ढोलकीचा बांधीव तुकडा, हवा, ऐकताक्षणी माणूस मान वर करून बघेल असा, असं संगीतकाराचं म्हणणं होतं. तो तोडा मी सतरा वेळा वाजवला. सतराव्या वेळी काचेपलीकडून त्यांनी हात वर केला आणि म्हणाले, ‘झालं, हाच ठेवायचा.’ ठरलेले पैसे त्याच संध्याकाळी हातात पडले. पैशाबद्दल माझी काही तक्रार नाही.

दोन महिन्यांनी व्हिडिओ आला. सुरुवातीलाच तो तोडा आणि पडद्यावर अगदी जवळून दोन हात. मनगटात चांदीचं कडं, लांब निमुळती बोटं. आणि ढोलकी उलटी! शाई, म्हणजे बारीक आवाजाचं तोंड, डाव्या हाताला आणि धूम, म्हणजे घुमणारं तोंड, उजव्या. डावखुरे वादक असतात, त्यांच्या शेजारी बसून मी वाजवलं आहे, तेव्हा नुसत्या उलट्या ढोलकीला मी नावं ठेवणार नाही. पण त्या मुलाचे दोन्ही पंजे एकदमच खाली येत होते, भाकरी थापावी तसे. कानाला शाईवरची बोटाची टिचकी ऐकू येते आणि डोळ्याला सबंध तळवा पडताना दिसतो. धुमेवर मनगट घासून जो घुमारा काढतात, तो ऐकू येत असताना त्या मुलाचा हात हवेत होता. शेजारी पेटीवर बसलेल्याची तर भात्याची खिटीच उघडलेली नव्हती. पेटी वाजवणारा माझा मित्र हे बघून काही बोलला नाही. फोन परत माझ्या हातात दिला आणि चहा सांगायला उठला.

त्या पोरांवर माझा राग नाही. त्यांना जे सांगितलं ते त्यांनी केलं, दिवसभर उन्हात उभं राहून केलं. राग आहे तो पद्धतीवर. व्हिडिओखालच्या वर्णनात एकोणीस नावं होती, मी मोजली. मेकअप, ड्रोन, गाड्यांची व्यवस्था, सगळ्यांची. ढोलकी, पेटी, क्लॅरिनेट, टाळ यांतलं कुणीच नव्हतं.

नाव नसल्याने काय बिघडतं, असं काही जण विचारतात. काय बिघडतं ते सांगतो. गणपतीच्या आधी एका मंडळाचे तीन कार्यकर्ते घरी आले. ‘मामा, त्या गाण्यातल्या ढोलकीवाल्या पोराचा नंबर मिळेल का? तुमच्या ओळखीतला असेल.’ मी म्हटलं, ती ढोलकी माझीच आहे. ‘असेल, असेल,’ म्हणाले. वडीलधाऱ्या माणसाला खोटं कसं पाडायचं, असा तो स्वर होता. मग मी बाहेर आलो, त्यांच्याच मोटारसायकलच्या सीटवर तो तोडा वाजवला. एकाने फोनवर गाणं लावलं, मी त्याबरोबर पुन्हा वाजवला. तिघेही गप्प झाले. मग त्यांतला थोरला अवघडून म्हणाला, ‘पण मामा, लोक त्या पोराला बघायला येणार ना.’ कार्यक्रम मला मिळाला नाही. त्या मुलाने तो घेतला की नाही, घेतला असेल तर तिथे त्याने काय केलं, हे मला आजवर कळलेलं नाही.

एक गोष्ट स्पष्ट करतो. एकाने गावं आणि दुसऱ्याने ओठ हलवावेत, याला माझा विरोध नाही. आपला सगळा सिनेमा त्यावर उभा आहे. पण तिथेही नावासाठी झगडावं लागलं, हे विसरता येत नाही. १९४९ साली ‘महल’ आला तेव्हा ‘आएगा आनेवाला’च्या तबकडीवर गायिकेचं नाव छापलं होतं ‘कामिनी’, म्हणजे पडद्यावर मधुबालाने केलेल्या पात्राचं. लोकांनी रेडिओकडे विचारणा केली तेव्हा लता मंगेशकर हे नाव बाहेर आलं. पुढे फिल्मफेअरमध्ये पार्श्वगायनाला पुरस्कारच नाही म्हणून लताबाईंनी त्या सोहळ्यात गायला नकार दिला आणि १९५९ पासून तो पुरस्कार सुरू झाला. गाणाऱ्यांचं गाऱ्हाणं असं मार्गी लागलं. वाजवणारे तिथेच राहिले.

वाद्याचं सोंगही मन लावून करता येतं, हे आपल्याच लोकांनी दाखवून दिलं आहे. ‘कोहिनूर’मधल्या ‘मधुबन में राधिका नाचे रे’साठी दिलीपकुमार कित्येक महिने सतार शिकले. सतार वाजवली होती उस्ताद अब्दुल हलीम जाफर खाँसाहेबांनी, पण पडद्यावरची बोटं पाहताना जाणकारालाही कुठे खटकत नाही. त्याच्या आदल्या वर्षी, १९५९ मध्ये, ‘गूँज उठी शहनाई’ आला. संगीत आपल्या वसंत देसाईंचं. पडद्यावर राजेंद्रकुमार, सनई उस्ताद बिस्मिल्ला खाँची, आणि ती त्यांची आहे हे पोराटोरांना ठाऊक होतं. ‘नागिन’मध्ये ज्या बिनेवर नाग डोलले असं लोक सांगतात ती तर बीनच नव्हती, संगीतकार कल्याणजींनी क्लाव्हायोलिन नावाच्या विजेवर चालणाऱ्या, पेटीसारख्या पट्ट्यांच्या वाद्यावर तो नाद काढला होता. ते समजल्यावर मला फसवल्यासारखं वाटलं नाही, उलट कौतुक वाटलं, कारण कुणी आणि कसं वाजवलं ते उघड सांगितलं गेलं.

आणि खरा वादकच समोर आणला तर काय होतं? १९५१ चा ‘अलबेला’ पाहा. सी. रामचंद्रांचं संगीत, भगवानदादांचा नाच आणि मागे ट्रम्पेट घेऊन चिक चॉकलेट. हे मूळचे गोव्यातल्या हळदोण्याचे, खरं नाव अँटोनियो झेवियर वाझ. अण्णांच्या, म्हणजे सी. रामचंद्रांच्या, गाण्यांत वाजवणारा हा माणूस आपल्या साथीदारांसह तिथे पडद्यावर उभा आहे. गालांचा फुगा, खांद्याची उसळी, श्वास घेतानाची मान, सगळं सुरांबरोबर चालतं. सत्तर वर्षांहून जास्त काळ लोटला, अजून ती गाणी लागली की मी आधी मागच्या रांगेकडे बघतो.

परदेशातही हेच झालं आहे. आमच्यात क्लॅरिनेट वाजवणारा मित्र इंग्रजी गाणी पुष्कळ ऐकतो, त्याने मला मार्था वॉश या अमेरिकी गायिकेची हकिकत सांगितली. तिचा आवाज दणदणीत, अंगकाठी स्थूल. १९९० च्या सुमारास ब्लॅक बॉक्स आणि सी अँड सी म्युझिक फॅक्टरी या दोन मंडळींनी तिच्या आवाजातली गाणी काढली आणि व्हिडिओत सडपातळ तरुणींना ओठ हलवायला उभं केलं. त्यातलं एक गाणं १९९१ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं, तरी ते कुणाच्या गळ्यातलं हे लोकांना दिसतच नव्हतं. बाई कोर्टात गेल्या. १९९४ मध्ये तडजोड झाली तेव्हा आवाज मार्था वॉश यांचा आहे अशी पाटी व्हिडिओवर दाखवावी, अशी विनंती सोनी या ध्वनिमुद्रिका कंपनीने एमटीव्ही या संगीत वाहिनीला करायची असं ठरलं. त्याच काळात मिली व्हॅनिली या पॉप गायकांच्या जोडीचं ग्रॅमी हे संगीताचं मोठं पारितोषिक १९९० च्या नोव्हेंबरात काढून घेतलं गेलं, कारण ध्वनिमुद्रिकेवर त्या दोघांचा आवाजच नव्हता. त्यांचं छी-थू झालेलं सगळ्यांना आठवतं. पण ज्यांचा आवाज होता त्या चार्ल्स शॉ, जॉन डेव्हिस, ब्रॅड हॉवेल यांची नावं किती जणांना सांगता येतील? मला तर याचंच जास्त वाईट वाटतं.

आपल्याकडे कायदा नाही असंही नाही. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली आणि कलम ३८-ब आलं. आपल्या सादरीकरणाचा कर्ता म्हणून ओळखलं जाण्याचा हक्क त्याने कलाकाराला दिला. कलाकार कोण, याची यादीही कायद्यात आहे. नट, गायक, वादक, नर्तक, कसरतपटू, जादूगार, अगदी गारुडी आणि व्याख्यान देणारासुद्धा! एका वकील स्नेह्यांनी मला हे वाचून दाखवलं तेव्हा ‘वादक’ या शब्दाशी मी त्यांना थांबवलं आणि परत वाचायला लावलं. पण पुढे एक फट आहे. चित्रपटात ज्याचं काम किरकोळ किंवा प्रासंगिक आहे आणि धंद्याच्या रिवाजाप्रमाणे ज्याचं नाव कुठेच दिलं जात नाही, त्याला ओळखलं जाण्याचा हा हक्क लागू होत नाही. आणि कायद्याच्या भाषेत गाण्याचा व्हिडिओही चित्रपटच. म्हणजे रिवाज पडला म्हणून नाव नाही आणि नाव नाही म्हणून रिवाज तसाच राहतो. लावणीतली ढोलकी किरकोळ कशी? ती काढून टाका आणि उरलेलं गाणं वाजवून बघा.

हल्ली आणखी एक प्रकार चालतो. संगणकात भरून ठेवलेले ढोलकीचे तुकडे जोडून गाणं तयार करतात आणि व्हिडिओत एकाच्या गळ्यात खरीखुरी ढोलकी अडकवतात. ते तुकडेही कधीतरी कुठल्यातरी वादकाने स्टुडिओत बसून वाजवलेलेच असतात. त्याचा तर मागमूसही राहत नाही. यावर उपाय काय ते मला अजून सुचलेलं नाही.

बाकीच्यावर मात्र सोपा उपाय आहे. व्हिडिओखाली चार ओळी वाढवायला खर्च येत नाही. चेहरा देखणा हवा तर खुशाल नट घ्या, फक्त हात जवळून दाखवायचे असतील तेव्हा ते ज्याने वाजवलं त्याचे दाखवा. माझे हात सुंदर नाहीत. उजव्या तर्जनीच्या कडेला जाड घट्टा पडलाय, डाव्या मनगटाची कातडी घासून काळी झाली आहे. पण कॅमेरा जवळ नेल्यावर बघण्याजोगं काही असेल तर तेच आहे, असं मला वाटतं. आणि संपादक महाराज, आपल्याला विनंती अशी की गाण्यांवर लिहिणारे आपले वार्ताहर संगीतकाराला फोन करतील तेव्हा त्यांनी एक प्रश्न जास्तीचा विचारावा, वाजवलं कुणी? संगीतकारांना ती नावं पाठ असतात. विचारत कुणी नाही, म्हणून ते सांगत नाहीत.

निर्मात्यांसाठीही एक सांगून ठेवतो. गाण्यात ढोलकी असेल आणि शूटिंगला मॉडेलच हवा असेल, तर आदल्या दिवशी मला बोलवा. मी एसटीने येईन, मानधन नको. शाई कुठल्या हाताला, धूम कुठल्या, बसताना ढोलकी मांडीवर कुठे टेकवायची, उभ्याने वाजवायची तर कमरेला कशी बांधायची आणि तोड्याच्या शेवटच्या मात्रेला हात कुठे थांबवायचा, एवढं त्या पोराला दोन तासांत शिकवून देईन. त्यातल्या कुणाला पुढे खरंच शिकावंसं वाटलं तर त्याने घरी यावं. माझ्याकडची तिसरी ढोलकी सध्या कुणी वाजवत नाही.

आपला,
एक ढोलकीवादक,
सातारा जिल्हा