जिम सोडली, पण हप्ता काही सुटत नाही

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गल्लोगल्ली जिम झाल्यात, पोरं व्यायाम करतात, चांगलंच आहे. माझी तक्रार आहे ती काउंटरवर मेंबरशिपच्या नावाखाली जे कर्ज गळ्यात मारतात त्याबद्दल. आणि ते कर्जच असतं. "वर्षाचे पैसे एकदम नको भरू, नो कॉस्ट ईएमआय करून देतो" असं सांगतात, मोबाईल मागतात, "मेंबरशिप ॲक्टिव्ह करायला ओटीपी लागतो" म्हणून एक ओटीपी घेतात, मग परत एक घेतात. पहिल्या ओटीपीने फायनान्स कंपनीचं कर्ज मंजूर होतं आणि दुसऱ्याने दर महिन्याला खात्यातून पैसे कापायची परवानगी बँकेला जाते. जिमला वर्षाचे पैसे त्या कंपनीकडून एकदम मिळून जातात, त्यातून व्याजापुरती रक्कम कापून. म्हणजे पुढे तुम्ही या नाहीतर नका येऊ, जिमचं काहीच अडत नाही, आणि सगळ्या त्रासाचं मूळ हेच आहे.

माझ्या धाकट्या भावाचं हेच झालं. डोंबिवलीतलीच जिम, नाव लिहीत नाही. दोन-तीन महिने नियमित गेला, मग कंबरेचं दुखणं निघालं, एमआरआयमध्ये स्लिप डिस्क आली आणि डॉक्टरांनी वजन उचलायला सक्त मनाई केली. सर्टिफिकेट घेऊन जिममध्ये गेला तर म्हणे रिफंड पॉलिसी नाही, फ्रीज करून देतो, नाहीतर दुसऱ्याच्या नावावर ट्रान्सफर कर आणि ट्रान्सफर फी भर. हप्त्याचं विचारलं की "तो विषय फायनान्सवाल्यांचा", फायनान्सवाल्यांना फोन केला की "सर्व्हिसचा विषय जिमचा, आम्हाला हप्ता वेळेवर पाहिजे". शेवटी कंटाळून त्याने बँकेत जाऊन तो मँडेट, म्हणजे खात्यातून हप्ता कापायची परवानगी, बंद केला. पण मँडेट बंद केला म्हणजे कर्ज बंद होत नाही हे खूप जणांना माहीतच नसतं. हप्ता थकत जातो, त्यावर दंड चढतो आणि क्रेडिट स्कोअर खाली येतो.

मग वसुलीवाल्यांचे फोन सुरू झाले. त्याला तर येतच होते, मलाही यायला लागले, कारण फॉर्मवर रेफरन्स म्हणून माझा नंबर होता. मी जामीन नाही, कुठे सही केलेली नाही. रात्री साडेनऊला आमच्या आईला फोन, "तुमच्या मुलाने लोन बुडवलंय, उद्या घरी माणूस पाठवतो, बिल्डिंगमध्ये सगळ्यांना कळेल". आईला बीपी आहे, ती रात्रभर झोपली नाही, सकाळी मला म्हणते माझी एफडी मोडून देऊन टाक. न वापरलेल्या जिमसाठी म्हातारीने एफडी मोडायची?

रिझर्व्ह बँकेने १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात हे सगळं स्पष्ट लिहिलंय. सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीचे फोन करायचे नाहीत, धमकी द्यायची नाही, चारचौघात बेइज्जत करायचं नाही, घरच्यांच्या, रेफरन्सवाल्यांच्या, मित्रांच्या खाजगी आयुष्यात घुसायचं नाही. आणि वसुली एजंटने काही केलं तर जबाबदारी ज्या कंपनीने त्याला नेमलं तिची. हे सगळं मी फोनवर त्या माणसाला सांगितलं, त्याने फोन कट केला आणि दुसऱ्या नंबरवरून लावला.

दुसरा नियम कर्ज देतानाचा. १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या रिटेल कर्जाला मुख्य माहितीपत्रक द्यावंच लागतं, ज्यात व्याज, चार्जेस सगळं एका जागी असतं, आणि ते कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असलं पाहिजे. भावाला ईमेलवर इंग्रजी पीडीएफ आली, तीही पैसे जिमला पोचल्यावर. काउंटरवर मराठीत एक पान वाचायला दिलं असतं, वर मोठ्या अक्षरात 'हे कर्ज आहे' एवढं असतं, तरी निम्मे लोक परत फिरले असते, आणि म्हणूनच देत नसावेत असं माझं मत झालंय.

कायदा आहे, पण पोचायला लांब आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात 'अन्याय्य करार', म्हणजे ग्राहकाचं नुकसान करणाऱ्या एकतर्फी अटींचा करार, ही संकल्पना आली, पण त्याविरुद्धची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात चालत नाही, राज्य आयोगात जावं लागतं. २५-३० हजारांच्या मेंबरशिपसाठी नोकरी करणारा माणूस राज्य आयोगापर्यंत कधी जाणार? हा अधिकार जिल्हा आयोगाला द्यायला हवा. सेवेतल्या त्रुटीची तक्रार मात्र आपल्या जिल्ह्यात करता येते, ५ लाखांपर्यंत फी लागत नाही, आणि जिम कुठेही असली तरी आपण राहतो तिथे करता येते. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवरही आधी नोंद करता येते.

माझी मागणी एवढीच की मेंबरशिप आणि कर्ज एकाच काउंटरवर एकाच दिवशी सुरू होतात तर बंदही एकत्रच झाली पाहिजेत. मेंबरने लेखी कळवलं की उरलेल्या महिन्यांचे पैसे जिमने थेट फायनान्स कंपनीला परत करायचे, वाजवी कपात करून, आणि तोपर्यंत वसुली थांबवायची. जिम मध्येच शटर ओढून गेली तर तो तोटाही कंपनीने जिमकडून वसूल करावा, जिमची निवड त्यांनी केलेली असते.

ज्यांचं हे चालू आहे त्यांनी फोनवर भांडत बसू नका. जिमला आणि कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल करा, आलेल्या फोनची तारीख वेळ लिहून ठेवा, रेकॉर्डिंग ठेवा, ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार टाका, पैसे लागत नाहीत. आम्ही टाकल्यावर आईला येणारे फोन थांबले. कर्ज बंद झाल्याचं पत्र अजून मिळालेलं नाही, आणि भावाला घरासाठी लोन घ्यायचंय, त्याच्या क्रेडिट रिपोर्टवर थकलेले हप्ते तसेच दिसतायत.

आपली,
एक वाचक, डोंबिवली