एका गाण्याचा गायक, आणि छायाचित्र दुसऱ्याचेच

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

रविवारची पुरवणी वडोदऱ्यात आमच्या हाती नेहमीप्रमाणे सोमवारी पडली आणि विस्मरणात गेलेल्या पाश्चात्त्य गायकांवरील लेख काल वाचला. त्यात ब्रिटिश गायक-गीतकार अ‍ॅल स्टुअर्टसाठी आपण अर्धा रकाना खर्च केलात याबद्दल आधीच आभार मानून ठेवतो, कारण पुढे आभाराला जागा उरेलसे वाटत नाही. लेखकाने त्याला ‘एका गाण्याचा गायक’ ठरवून बाकीची गाणी ‘लांबलचक’ या एका विशेषणात निकालात काढली आहेत, आणि शेजारी छायाचित्र छापले आहे ते रॉड स्टुअर्टचे. आडनाव जुळले की पुरे, असा आपल्याकडे प्रघात असेल तर भीमसेन जोशींवरील पुढच्या लेखात मनोहर जोशींचे दर्शन घडण्याची आम्ही तयारी ठेवतो.

‘इयर ऑफ द कॅट’ हा 1976 चा अल्बम अ‍ॅल स्टुअर्टचा सातवा होता. त्याचे शीर्षकगीत अमेरिकेत आठव्या क्रमांकापर्यंत गेले, तर दोन वर्षांनी आलेल्या ‘टाइम पॅसेजेस’चे शीर्षकगीत सातव्या, म्हणजे बाजाराच्या हिशेबानेही ‘एक गाणे’ हे गणित चुकीचे आहे. पण माझी तक्रार हिशेबाची नाही.

1973 च्या ‘पास्ट, प्रेझेंट अँड फ्यूचर’मध्ये अवघी आठ गाणी आहेत आणि त्यांतील बहुतेकांमागे विसाव्या शतकाचा इतिहास उभा आहे. कुठे जुना आरमारी अधिकारी, कुठे हिटलरने आपल्याच साथीदारांचा काटा काढला ती 1934 च्या जूनची अखेरची रात्र. उत्तररंगात आख्यान लावणाऱ्या कीर्तनकाराकडे जो संयम असतो तोच या माणसाकडे आहे; प्रसंग उभा राहीपर्यंत तो घाई करत नाही. ‘रोड्स टू मॉस्को’ हे त्यातले गाणे सुमारे आठ मिनिटांचे आहे. 1941 मध्ये जर्मन फौजा सीमा ओलांडून आत घुसतात तेथपासून एक रशियन शिपाई आपली हकिगत सांगू लागतो. माघार, बर्फ, मग उलटलेली बाजू, थेट बर्लिनपर्यंत. त्याच्या शेवटाविषयी खाली लिहितो.

पाच-सहा वर्षांपूर्वी रावपुऱ्यातील एका मंडळाच्या श्रवणसभेत हेच गाणे ऐकविण्याची मला विनंती झाली. इंग्रजी शब्द सर्वांना कळतीलच असे नाही, म्हणून मी मराठीत कथासार लिहून त्याच्या चाळीस प्रती स्वखर्चाने काढल्या. त्यात शेवट मुद्दाम दिला नव्हता. तो गाण्यातूनच कळावा, अशी माझी (आता मूर्खपणाची वाटणारी) इच्छा होती. सहाव्या मिनिटाला, म्हणजे युद्ध संपत आले असताना, संयोजकांनी यंत्र बंद केले, कारण प्रमुख पाहुणे लवकर आले होते आणि शाल-श्रीफळ ताटात तयार होते. सत्कार पंचवीस मिनिटे चालला. त्यात पाहुण्यांचे दोनदा आभार मानले गेले, गाणे मात्र पुन्हा सुरू झाले नाही. नंतर चहाच्या वेळी संयोजक मला म्हणाले, “गाणं छान होतं, जरा लांब होतं इतकंच.” आपल्या लेखातील ते विशेषण वाचताना माझा तोल का गेला, हे आता आपल्या ध्यानात यावे.

अशा गाण्याचे सहावे मिनिट हे कीर्तन सोडून आरतीचे तबक फिरविण्याचे मिनिट नव्हे. युद्ध जिंकून घराकडे निघालेल्या त्या शिपायाला सीमेवर विचारपूस होते. आपण एकच दिवस शत्रूच्या कैदेत होतो, नशिबाने सुटलो, असे तो सरळपणे सांगतो, आणि तेवढ्यावरून त्याला रांगेतून बाजूला काढून त्याचीच माणसे सायबेरियाच्या गाडीत बसवतात. आधीची सहा-सात मिनिटे या एका उत्तराच्या तयारीत गेलेली असतात. ज्यांना ती लांब वाटली त्यांनी शेवट ऐकलेला नाही, असाच निष्कर्ष मी काढतो, मग ते संयोजक असोत वा आपले लेखक.

छायाचित्राची दुरुस्ती आपण छापालच. त्या दिवशीचे चाळीस श्रोते तो शिपाई सुखरूप घरी पोहोचला, अशा समजुतीने आपापल्या घरी गेले आणि त्यांतील निम्मे तरी आपले वर्गणीदार आहेत. संपूर्ण पत्रास जागा नसेल तर त्यांच्यासाठी एवढे एकच वाक्य छापावे: तो पोहोचला नाही.

आपला,
एक जुना वाचक
दांडिया बाजार, वडोदरा